शिकाऱ्याचे पहिले रिव्हॉल्व्हर

शिकारी म्हटला की खांद्याला रायफल किंवा दुनळी बंदूक लावून, एक डोळा मिटून नेम धरणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर ही शस्त्रे मनात निराळ्याच जागी ठेवलेली असतात. ती पोलिसाच्या कमरेला, लष्करी अधिकाऱ्याच्या गणवेशावर किंवा चित्रपटातील खलपुरुषाच्या हाती शोभायची. त्यांनी कोणी हरीण मारीत असेल, ही कल्पनाच आपल्याकडे विचित्र वाटते. आणि भारतात तर हा प्रश्न व्यवहारातून केव्हाच उठला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने येथील शिकारीचे पर्व संपविले, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली ज्या थोड्यांजवळ परवान्याचे रिव्हॉल्व्हर असते, ते त्यांनी स्वसंरक्षणार्थ बाळगलेले असते.

तथापि या शस्त्राचे आणि रानाचे जुने नाते शोधू गेल्यास ते पुन्हा हिंदुस्थानातच येऊन पोचते. एकोणिसाव्या शतकात हत्तीवरून वाघाची शिकार करणारे इंग्रज अंमलदार हौद्यात रायफलीशेजारी एक आखूड, जाडजूड, बहुधा दोन नळ्यांचे पिस्तूल ठेवीत. त्याला नावच ‘हौदा पिस्तूल’ असे पडले. जखमी वाघाने हत्तीच्या गंडस्थळावर झेप घेतली आणि रायफल वळविण्यास जागा उरली नाही, तर हातभर अंतरावरून झाडण्याचे ते शस्त्र होते. त्याने शिकार साधली जात नसे. शिकाऱ्याचा जीव वाचला तर वाचे. आज अमेरिकेत मात्र बहुतेक राज्यांत रिव्हॉल्व्हर हे शिकारीचे स्वतंत्र आणि कायदेशीर साधन मानले जाते. शरद ऋतूत हरणांचा हंगाम उघडला की हजारो माणसे परवाना खिशात घालून आणि रिव्हॉल्व्हर छातीवरच्या पट्ट्यात अडकवून रानात शिरतात. त्यांतील प्रत्येक नवशिक्यापुढे पहिला प्रश्न असतो तो हा, की कोणते शस्त्र घ्यावे आणि त्यात कोणते काडतूस भरावे. दुकानदाराच्या काचेच्या पेटीपुढे हा प्रश्न हौसेचा वाटतो. पण त्याच्या उत्तरावर एका जनावराचे मरण क्षणात यावयाचे की दोन दिवस रखडावयाचे, हे अवलंबून असते.

प्रथम या शस्त्राची दुर्बलता नीट समजून घेतली पाहिजे, कारण सारी निवड तिच्यातूनच निघते. गोळीच्या अंगी असलेल्या शक्तीचे माप अमेरिकेत फूट-पौंडांत घेतात. हरणाच्या शिकारीत नित्य वापरल्या जाणाऱ्या .३०-०६ रायफलीची गोळी नळीतून बाहेर पडते तेव्हा तिच्या अंगी सुमारे २,९०० फूट-पौंड शक्ती असते. रिव्हॉल्व्हरांत बलाढ्य म्हणून गाजलेल्या .४४ मॅग्नमची शक्ती, नळी किती लांब आहे त्याप्रमाणे, ७५० ते ९५० भरते; .३५७ मॅग्नमची साडेपाचशेच्या आसपास, आणि .२२ ची जेमतेम १००. रायफलीची वेगवान गोळी शरीरात शिरताना भोवतालच्या मांसालाही मोठा हादरा देते. रिव्हॉल्व्हरची गोळी तसे काही करीत नाही. ती एक भोक पाडते, आणि जनावर मरते ते त्या भोकातून वाहणाऱ्या रक्ताने. म्हणून ते भोक हृदय किंवा फुप्फुसे यांतूनच गेले पाहिजे, आणि होता होईल तो पलीकडून बाहेर पडले पाहिजे.

दुसरी दुर्बलता नेमाची. रिव्हॉल्व्हरवर मागची खाच आणि नळीच्या टोकाची माशी यांत साधारण आठ इंचांचे अंतर असते. रायफलीवर तेच अंतर दोन फुटांपर्यंत असू शकते. आता चाप ओढताना माशी फक्त एक मिलिमीटर बाजूला सरकली असे धरा. पन्नास यार्डांवर रायफलीची गोळी तीन इंच चुकेल; रिव्हॉल्व्हरची नऊ इंच. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या छातीत ज्या जागी गोळी लागली असता ते हमखास पडते, ती जागा सुमारे आठ इंच व्यासाची असते. म्हणजे एका मिलिमीटरच्या हलगर्जीपणाने गोळी काळजावरून सरकून पोटात किंवा पायावर जाते. खांद्याचा आधार नाही, गालाचा आधार नाही. सारा भार दोन लांबविलेल्या हातांवर. शिकाऱ्याने हे शस्त्र स्वेच्छेने पत्करलेले असते. तेव्हा अंतर कमी करण्याची जबाबदारीही त्याचीच ठरते.

हे शस्त्र शिकारीच्या प्रतिष्ठेला चढले त्याचा इतिहास फार जुना नाही. १९३५ साली स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर या कंपन्यांनी .३५७ मॅग्नम बाजारात आणले. या मालिकेतील पहिले रिव्हॉल्व्हर एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांना देण्यात आले, यावरून त्याचा रोख पोलिसी कामाकडे होता हे दिसतेच. पण कंपनीच्या घराण्यातील डग्लस वेसन यांनी तेच शस्त्र घेऊन एल्क आणि मूस यांसारखी मोठी जनावरे मारून दाखविली, आणि शिकाऱ्यांचे कान टवकारले. त्याच काळात आयडाहो राज्यातील एक गुराखी, वाटाड्या आणि लेखक एल्मर कीथ आपल्या परीने प्रयोग करीत होता. जुन्या .४५ कोल्टमध्ये त्याने दारूचे प्रमाण वाढवीत नेले, आणि एके दिवशी शस्त्राचे चक्र फुटले. तेव्हा त्याने .४४ स्पेशल हे काडतूस हाती घेतले. कारण सरळ होते. चक्र तेवढेच, पण काडतूस किंचित बारीक, त्यामुळे घरांमधल्या पोलादी भिंती जाड राहतात. पुढे वर्षानुवर्षे त्याने कंपन्यांकडे तगादा लावला, आणि १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम जन्मास आले. कीथ १९८४ साली वारला. त्याने सांगितलेली सहाशे यार्डांवरील हरणाची गोष्ट आजही वादाचा विषय आहे. पण ते हरीण सोबत्याच्या रायफलीने आधीच जायबंदी केलेले होते आणि ते तसेच रखडू नये म्हणून त्याने इतक्या दुरून बार काढले, हा गोष्टीचा भाग सांगणारे सहसा गाळतात, आणि मग नवशिके सहाशे यार्ड तेवढे लक्षात ठेवतात.

काडतुसांच्या नावांचा घोटाळा येथेच उलगडावा. .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम यांच्या गोळ्यांचा व्यास एकच, इंचाचे सुमारे ३५७ सहस्रांश. .४४ म्हणविणाऱ्या गोळीचा व्यास प्रत्यक्षात .४२९ इंच भरतो. ही जुनी नावे ज्या काळी पडली, त्या काळी गोळीची जाडी पुंगळीच्या बाहेरच्या अंगाइतकी असे. पुढे गोळी पुंगळीच्या आत बसू लागली, पण नाव तेच राहिले. नवशिक्याला याचा एक मोठा फायदा होतो. मॅग्नमची पुंगळी तिच्या सौम्य भावंडापेक्षा इंचाच्या सुमारे अष्टमांशाने लांब ठेवलेली आहे. त्यामुळे .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ स्पेशल आणि .३५७ मध्ये .३८ स्पेशल निर्धास्तपणे झाडता येते; उलट मात्र करता येत नाही, कारण लांब काडतूस जुन्या शस्त्राच्या घरात बसतच नाही. आखूड काडतुसे पुष्कळ झाडल्यावर घरांत काजळीचे कडे धरते. ते घासून काढले नाही तर पुढे मॅग्नम काडतूस अडून बसते, एवढी काळजी घेतली म्हणजे झाले.

आता निवडीकडे वळावे. पहिले शस्त्र .२२ चे असावे, हे जाणत्यांचे मत ऐकून नवशिक्याचा विरस होतो. त्याला एल्क दिसत असतो आणि हाती खारी-सशांचे शस्त्र देण्यात येते. पण हे मत अचूक आहे. .२२ चे काडतूस १८८७ सालापासून चालत आले आहे. ते स्वस्त आहे, त्याला धक्का नाही, आवाजही बेताचा. त्यामुळे एका दुपारी शंभर-दोनशे बार काढूनही हात थकत नाही. खाच, माशी आणि चाप यांचा मेळ बसण्यास अशा काही हजार बारांची गरज असते, आणि ते बार मॅग्नममधून काढावयाचे म्हटले तर खिसा आणि मनगट ही दोन्ही आधी थकतात. शिवाय पंचवीस यार्डांवर बसलेल्या खारीचे डोके नेमात धरता येऊ लागले, म्हणजे हरणाची छाती हे फारसे कठीण लक्ष्य राहत नाही.

हरणासाठी .३५७ पुरते काय, यावर अमेरिकेत शिकाऱ्यांचे कधीच एकमत झालेले नाही. चाळीस यार्डांच्या आत, जनावर पूर्ण आडवे उभे असताना आणि गोळी चांगल्या बनावटीची असताना ते पुरते, असे म्हणणे न्याय्य होईल. पण त्यात चुकीला वाव उरत नाही, आणि नवशिक्याच्या हातून चुका व्हावयाच्याच. कायद्याचाही प्रश्न आहे. ओहायोमध्ये .३५७ किंवा त्याहून मोठे सरळ पुंगळीचे काडतूस आणि किमान पाच इंचांची नळी हरणासाठी चालते. कोलोरॅडोचा नियम अधिक कडक आहे: पन्नास यार्डांवर गोळीच्या अंगी किमान ५५० फूट-पौंड शक्ती उरली पाहिजे. .३५७ च्या सामान्य १५८ ग्रेन गोळीची शक्ती तेथवर पोचेपर्यंत साडेचारशेच्याही खाली येते; .४४ ची सहाशेवर राहते. मॅसॅच्युसेट्समध्ये हरणाला रिव्हॉल्व्हर मुळी चालतच नाही. राज्याराज्यांचे हे नियम बदलत असतात, आणि शस्त्र विकत घेण्यापूर्वी त्या वर्षीचे नियमपुस्तक वाचणे हे निवडीचेच एक अंग आहे.

.४४ च्या वर जाण्याचा मोह आवरला पाहिजे. .४५४ कॅसूल, २००३ सालचे .५०० स्मिथ अँड वेसन, २००५ सालचे .४६० ही काडतुसे अस्वल-म्हशींच्या तोडीची आहेत, आणि .५०० तर शक्तीने रायफलींच्या पंगतीला बसते. पण त्यांचा धक्का अनुभवी हातांनाही भारी पडतो. ज्याला आपल्या शस्त्राची भीती वाटते तो नेम धरू शकत नाही. १९७१ साली ‘डर्टी हॅरी’ हा चित्रपट गाजला, तेव्हा .४४ साठी दुकानांत झुंबड उडाली. त्या पिढीतल्या दुकानदारांत एक थट्टा रूढ आहे: जुने .४४ विकावयास आले की सोबत पन्नासांची काडतुसांची पेटीही येते, आणि तिच्यात चव्वेचाळीस काडतुसे शिल्लक असतात. सहा बारांतच हौस फिटते! ही थट्टा .४४ संबंधी आहे, .५०० संबंधी नव्हे, हे ध्यानात धरावे.

तेव्हा विचारान्ती जे उत्तर उरते ते असे: सहा ते साडेसात इंच नळीचे, सव्वा ते दीड किलो वजनाचे, खाच हलविता येईल असे .४४ मॅग्नमचे रिव्हॉल्व्हर, आणि पहिले कित्येक महिने त्यात .४४ स्पेशलचीच काडतुसे. नळी लांब असली की गोळीला वेग मिळतो, खाच आणि माशी यांतील अंतर वाढते, आणि पुढे आलेल्या वजनाने धक्का थोडा निवतो. दहा इंचांची नळी मात्र पट्ट्यात मावत नाही, झुडपांत अडकते, आणि मग हाती रायफल का घेतली नाही असा प्रश्न मनात येऊ लागतो.

प्रत्येक बाराला हाताने घोडा ओढावा लागणारे एकेरी चालीचे रिव्हॉल्व्हर घ्यावे, की नुसता चाप दाबूनही चालणारे दुहेरी चालीचे, याला फारसे महत्त्व नाही. शिकारीत दोन्ही प्रकारांत घोडा आधी मागे ओढूनच बार काढतात. एकेरी चालीची मूठ धक्क्यासरशी तळहातात वर फिरते आणि तडाखा पसरून जातो, म्हणून अनेकांना ती सोसते. लहान पंजाच्या माणसाला दुहेरी चालीची जाड मूठ आवळता येत नाही. दुकानात शस्त्र हाती घेऊन, ते रिकामे असल्याची खात्री करून, तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज पोचते काय, एवढे पाहावे. जुने शस्त्र घेणाराने मात्र एक गोष्ट विचारलीच पाहिजे. जुन्या धाटणीच्या एकेरी चालीत घोड्याचे टोक थेट काडतुसाच्या बुडावर टेकते, आणि शस्त्र खाली पडल्यास बार उडू शकतो. म्हणून अशा शस्त्रात पाचच काडतुसे भरून घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याचा प्रघात पडला. रूगर कंपनीने १९७३ पासून आपल्या रिव्हॉल्व्हरांत घोडा आणि काडतूस यांमध्ये एक सरकती पट्टी घातली. तिच्यामुळे चाप पूर्ण ओढल्यावाचून बार होत नाही.

रायफलीची काडतुसे झाडणारी, मोडून उघडणारी एकबारी पिस्तुले १९६७ पासून मिळू लागली. थॉम्प्सन सेंटर कंपनीचे ‘कंटेंडर’ हे त्यांतले प्रख्यात. त्याची नळी बदलता येते, आणि दुर्बीण चढवून, टेकू घेऊन ते दीडशे यार्डांवरही अचूक मारते. मोकळ्या माळावर शिकार करणाऱ्याला ते फार उपयोगी. पण जंगलातल्या नवशिक्याला ते लवकर दूर मारण्याची चटक लावते, हा त्याचा दोष म्हणावा लागेल. अर्धस्वयंचलित पिस्तुलांत दहा मिलिमीटरचे काडतूस अलीकडे शिकाऱ्यांत पुढे येत आहे. तथापि काही राज्यांना ही यंत्रणाच मान्य नाही.

गोळीचा आकार हा विषय काडतुसाइतकाच मोलाचा असून दुकानात त्याविषयी फारसे कोणी विचारीत नाही. हरणासाठी तोंडाशी पोकळी असलेली, आत शिरताच फुलणारी गोळी योग्य ठरते. रानडुकराची गोष्ट वेगळी. त्याच्या फऱ्यावर जाड, चिवट कातड्याची ढाल असते, आणि फुललेली गोळी तिच्यातच थांबण्याचा धोका असतो. तेथे कठीण शिश्याची, सपाट तोंडाची, न फुलणारी गोळी घ्यावी. एल्मर कीथने ज्या धाटणीची गोळी रूढ केली ती याच जातीची. कोणतीही गोळी निवडली, तरी सराव आणि शिकार यांत शेवटी तीच वापरली पाहिजे, कारण वजन आणि वेग बदलला की गोळी पडण्याची जागाही बदलते. पन्नास यार्डांवर बरोबर नेम बसविलेल्या .४४ ची गोळी शंभर यार्डांवर सहा ते आठ इंच खाली उतरते, आणि सौम्य काडतुसाची त्याहूनही खाली.

सरावाला सुरुवात करण्यापूर्वी कानांचा बंदोबस्त हवा. मॅग्नमचा बार १५० डेसिबलांच्या वर जातो, आणि एकशेचाळिसाच्या वरचा एकच आवाजही श्रवणशक्तीला कायमची इजा करू शकतो. जुन्या पिढीतील कित्येक नामांकित नेमबाज उतारवयात बहिरे झाले ते यामुळे. बाहेरचा मोठा आवाज दाबून पानांची सळसळ ऐकू देणारी विद्युत् कर्णटोपणे आता मिळतात, ती रानातही घालावीत. डोळ्यांना चष्मा हवा. आणि डाव्या हाताची बोटे चक्र व नळी यांमधील फटीपाशी कधीही जाऊ देऊ नयेत. त्या फटीतून तापलेला वायू आणि शिश्याचे कण इतक्या जोराने फेकले जातात, की मोठ्या काडतुसांत बोटाला गंभीर दुखापत होते.

धक्क्याच्या अपेक्षेने हात आधीच दचकतो, हा रिव्हॉल्व्हरधारकाचा खरा शत्रू. तो स्वतःला दिसत नाही, कारण बाराच्या गडबडीत तो झाकला जातो. त्याला पकडण्याची एक जुनी युक्ती आहे. सोबत्याने चक्रात दोन जिवंत काडतुसे आणि चार रिकाम्या पुंगळ्या कशाही क्रमाने भराव्यात आणि शस्त्र हाती द्यावे. रिकाम्या पुंगळीवर घोडा पडला की नळीचे तोंड खाली झुकलेले सर्वांना दिसते, आणि सर्वांत आधी ते ज्याचे त्याला दिसते. या लाजेइतका चांगला गुरू नाही. माशी जागची न हलता सहाही वेळा घोडा पडू लागला, की मग मॅग्नम काडतुसांना हात घालावा.

पुढची परीक्षा कागदी ताटलीवर. सहा इंचांची ताटली झाडाला नव्हे, मातीच्या बांधाला लावावी, आणि बाकावर वाळूच्या पिशव्या ठेवून नव्हे तर रानात जसे बसावे लागेल तसे बसून, गुडघ्यावर कोपरे टेकून बार काढावेत. ज्या अंतरावर सहापैकी सहा गोळ्या ताटलीत बसतात, ते त्या माणसाचे अंतर. ते तीस यार्ड असेल, पन्नास असेल. पाच गोळ्या बसल्या आणि एक चुकली, तर अंतर कमी करावे. सहावी गोळी हरणाच्या पोटात गेली असती. पोलादी जनावरांच्या आकृती पन्नास, शंभर, दीडशे आणि दोनशे मीटरांवर मांडून नेमबाजी करणारी एक आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेत निघाली. त्या स्पर्धांतून उत्तम हात तयार झाले. पण पोलादाचा मेंढा अर्धवट लागला तर नुसता गुण जातो, हा फरक स्पर्धक असलेल्या शिकाऱ्याला फार जपावा लागतो.

डोळे वयाने मंदावले असतील, तर माशी आणि सावज एकदम स्पष्ट दिसत नाहीत. अशा वेळी लाल ठिपका दाखविणारे काचेचे साधन नळीवर बसवावे. त्याने केवळ सोय होते असे नव्हे. पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या अंधुक प्रकाशात, म्हणजे हरणे ज्या वेळी हिंडतात नेमक्या त्याच वेळी, काळी माशी काळ्या झाडीत हरवते, ते टळते.

रानात गेल्यावर झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून, वारा तोंडावर घेत बसावे. हरीण आपल्या अंतराच्या आत आले तरी घाई करू नये. ते समोरून येत असेल तर थांबावे, पाठमोरे असेल तर जाऊ द्यावे. आडवे होऊन त्याने पुढचा पाय एक पाऊल टाकला, की फऱ्याच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात माशी ठेवावी. अनेकदा हरीण आडवे होतच नाही, आणि सबंध हंगामात एकही बार न काढता शिकारी घरी येतो. बार झालाच, तर घोडा पुन्हा ओढून क्षणभर नेम धरून राहावे. छातीत गोळी लागलेले हरीणही शेकडो फूट पळत जाते. ते चुकले असे मानून निघून जाणे हा मोठा अपराध होय. ते जेथे उभे होते आणि जेथे शेवटचे दिसले, त्या दोन्ही जागा एखाद्या झाडाच्या खुणेने मनात पक्क्या कराव्यात. मग अर्धा तास जागचे हलू नये. तेवढ्यात पाठलाग सुरू केला तर आडोशाला पडलेले जनावर उठून आणखी मैलभर जाते. अर्ध्या तासाने पहिल्या जागी जाऊन रक्त पाहावे. फेसाळ, फिके लाल रक्त फुप्फुसांचे असते, आणि हरीण जवळच पडलेले मिळते. काळपट, हिरवट घाण मिसळलेले असेल तर गोळी पोटात गेली आहे. अशा वेळी माग तेथेच सोडून कित्येक तास थांबावे लागते, सोबत्याला बोलवावे लागते, आणि रात्र झाली तरी कंदील घेऊन तो माग शेवटपर्यंत काढावा लागतो.